शेवटच्या डब्याची झेंडी

मला बसवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. चहा मी उभ्यानं पिते, भाजी निवडता निवडता दोनदा गच्चीवर जाऊन येते, आणि चौकात लाल दिवा लागला की उलटे मोजले जाणारे आकडे आधी माझ्या तोंडात असतात, मग खांबावर. आई म्हणते, हिला देवानं पायाला भिंगरी बांधूनच खाली पाठवली. आम्ही हिंदी मुलखातले मराठी. इथल्या समता कॉलोनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर असते. तिथे हा दोष गुणात जमा होतो. रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि माझ्याइतक्या झपाट्यानं पाकीट शोधून देणारं तिथे दुसरं कोणी नाही.

घरी आले की मी मालगाडी चालवते. गेममध्ये. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं हे सांगताना थोडं लाजायला हवं, पण आमच्या घरात लाजायला कोणी उरलेलं नाही. आई आणि मी, दोघीच. गेम कुठल्यातरी लांबच्या देशातल्या चार-पाच जणांनी केलेला आहे. त्यात जगभरचे मार्ग आहेत, आणि एक मार्ग थेट आपल्याकडचा वाटतो: लाल माती, सालाची झाडं, लोहखनिजानं भरलेले डबे. तो मार्ग आला आणि मी या गेमला चिकटले ती चिकटलेच.

या गेमची एक विकी आहे. म्हणजे खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेलं माहितीचं पुस्तक, इंटरनेटवरचं, ज्यात कोणीही भर घालू शकतं आणि कोणीही खोडू शकतं. कोणतं इंजिन किती ओढतं, कुठल्या चढावर गाडी अडते, असलं सगळं. त्याचा हिंदी विभाग आम्ही सहा-सात जण सांभाळतो. पगार नाही, आभार नाहीत, शिव्या मुबलक. मी तिथली व्यवस्थापक आहे. कोणाचंही लिहिलेलं मी एका बटणानं काढू शकते, पान कुलूपबंद करू शकते, आणि पानाच्या इतिहासात दिसणारी एखादी ओळ लपवूही शकते. घरात मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं हे आई मला ठरवू देत नाही, त्या मानानं हे बरंच झालं.

हिंदी विभागाला माणसं मिळेनात, तेव्हा आमच्यात ठरलं की ज्यानं त्यानं आपापल्या गावात नवी माणसं धरायची आणि शिकवायची. मी दिवाळीनंतर चौबे कॉलोनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी दहाला वर्ग सुरू केला. जेवणाच्या टेबलावर. पहिल्या रविवारी चौघे आले, आणि चहाचे कप उचलायच्या आत मला कळलं की मी शिकवायला अजिबात लायक नाही. मला वाटायचं, बटण दाखवलं की झालं. पण एक सरकारी बाबू होते, अजून सेवेत, निवृत्तीला दोन वर्षं बाकी असलेले. त्यांनी इंधनाच्या पानावर पहिली दुरुस्ती केली ती अशी: चुकीचा आकडा तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, ‘उपर्युक्त आँकड़ा त्रुटिपूर्ण प्रतीत होता है, कृपया अवलोकन हो.’ आणि मान्यतेची वाट बघत बसले. मी म्हटलं, भैया, मान्यता कोणाची? खोडा आणि बरोबर लिहा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना साहेबांच्या खुर्चीत बसायला सांगितलं होतं.

सगळ्यांचं तेच. आपल्या माणसांना दुसऱ्याचं लिहिलेलं खोडवत नाही. आणि मी तर खोडण्यातच हयात घालवलेली. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत ओरडत असे, खोडा, बिनधास्त खोडा, इथे कोणी कोणाचा बाप नाही.

त्या चौघांतल्या एक होत्या काकू. त्यांना आईनं आणलं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्या रांगेत दोघींची ओळख झाली. दोघींचे नवरे रेल्वेतले. माझे बाबा कचेरीत, काकूंचे यजमान मालगाडीचे गार्ड. दोघंही आता नाहीत. काकू मूळच्या तिरोड्याकडच्या, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या, आणि चाळीस वर्षं गुढ़ियारीत राहिलेल्या. रुळांच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याचं न्हाणीघर. त्यांच्या मुलानं पुण्याहून त्यांना टॅबलेट पाठवला होता, चेहरा बघून बोलता यावं म्हणून. आपल्या बाबांची मालगाडी आपल्या आईला आवडेल असं वाटून त्यानंच त्यात हा गेम टाकून दिला. आवडली. इतकी आवडली की रांगेत आईला त्यांनी तेच दाखवलं, आणि आई म्हणाली, अहो, माझी पोट्टी पण हेच करून राहिली दिवसभर.

काकूंचं खेळणं बघून माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. इतकं सावकाश कोणी खेळतं? गेममध्ये मालगाडीला बाजूच्या लाईनीत उभं राहून मागच्या प्रवासी गाडीला वाट द्यावी लागते. आम्ही सगळे ती वाट बघणं बटण दाबून टाळतो. काकू टाळत नसत. गाडी उभी करून त्या खरोखर थांबत, बोटं पदरात घेऊन. आणि गाडी निघाली की दृश्य फिरवून मागे बघत. इंजिनाकडे नाही, पुढच्या सिग्नलकडे नाही, थेट शेवटच्या डब्याकडे, जो गार्डचा असतो. मी एकदा चिडवलंही, की काकू, गाडी पुढे चालली आहे, तुम्ही निघाल्या मागे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमचं माणूस मागेच बसायचं ना.

खोडण्याबद्दल त्यांचं आणि माझं तिसऱ्याच रविवारी वाजलं. त्या खोडायला तयार नव्हत्या, बाबूंसारख्या भीतीनं नाही, तर ठामपणे. त्यांच्या घरी गार्डाची डायरी भरली जायची. गाडी किती वाजता कुठे थांबली, का थांबली. त्या डायरीत खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एक बारीक रेघ मारायची, मूळचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि खाली बरोबर लिहायचं. काकूंनी किराण्याची यादीसुद्धा जन्मभर तशीच केली होती. मी त्यांना म्हटलं की विकीत रेघ मारायची गरज नाही. प्रत्येक पानाचा इतिहास आपोआप राहतो, कोणी काय काढलं, काय घातलं, आणि सोबत एका ओळीत कारणही. त्या इतिहासाच्या पानावर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. ‘म्हंजे काहीच जात नाही,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही जात. आणि मी चहाचं बघायला उठले.

त्याच सुमारास त्यांनी मुलाचंही सांगितलं. शेंगा सोलता सोलता, अगदी सहज. यजमान गेल्यावरही दोनदा काकूंच्या हातून त्यांचा जेवणाचा डबा भरला गेला होता. एकदा त्या पहाटे उठून दार उघडून उभ्या राहिल्या, गाडी आल्यासारखं वाटलं म्हणून. मुलानं फोनवर ऐकलं आणि तो घाबरला. आई एकटी राहते आणि तिला नाही ते दिसतं, असं त्याच्या डोक्यात बसलं. होळीनंतर पुण्याला घेऊन जातो म्हणत होता, घर विकून. काकूंना जायचं नव्हतं. ‘पोराले वाटते मले वहम झाला,’ त्या म्हणाल्या. ‘वहम नाही वो. सवय आहे. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जाते काय?’

मी मान डोलावली. एका कानानं ऐकत होते, हे आज कबूल करते. बाबूंनी तेवढ्यात चुकीचं पान सेव्ह केलं होतं.

काकू लिहायला लागल्या. गार्डच्या डब्याचं पान आमच्याकडे दोन ओळींचं होतं: वजन इतकं, लांबी इतकी, कायम शेवटी जोडावा. काकूंनी त्यात घातलं की गार्डाच्या पेटीत काय काय असतं. झेंड्या, हातदिवा, रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके, शेवटच्या डब्याला लावायची पाटी. सुंदर लिहिलं होतं, पण गेममध्ये यातलं काही नाही. गेममध्ये तो डबा रिकामा आहे, आत चिटपाखरू नाही. विकीचा पहिला नियम हा की गेममध्ये जे आहे तेच लिहायचं. बाहेरच्या जगात काय असतं ते नाही. मी ते काढलं आणि त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावून ‘हव’ म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी गार्ड जेवण कुठे करतो ते लिहिलं. मी तेही काढलं. या वेळी समजावलं जरा कमी.

मग जानेवारीतल्या एका दुपारी, लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, उभ्या उभ्या पोळीचा तुकडा तोंडात धरून मी मोबाईलवर नव्या दुरुस्त्या तपासत होते. नऊ होत्या. सातवी काकूंची. त्यांनी लिहिलं होतं की बाजूच्या लाईनीतून गाडी हळू निघाली आणि शेवटचा डबा काट्यांवरून, म्हणजे रूळ जिथे एकमेकांना मिळतात तिथून, पूर्ण बाहेर आला, की त्या डब्यातून एक हात हिरवी झेंडी दाखवतो.

मी हसले. परत गार्ड आला. तरी नियमाप्रमाणे तपासायचं म्हणून गेम उघडला, तोच मार्ग लावला, थांबा टाळला, गाडी लाईनीतून काढली, दणकून वेग दिला आणि मागे पाहिलं. डबा रिकामा. झेंडी नाही, हात नाही. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी मजकूर काढला आणि कारणाच्या ओळीत लिहिलं: ‘हटाया। गेम में ऐसा कुछ नहीं है, लिखने वाले का वहम है।’

पोळी संपली होती. खिडकीशी लोक उभे राहिले होते. मी आठवी दुरुस्ती उघडली.

त्या रविवारी काकू आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. मला राग आला, खरं सांगायचं तर. लोक येतात, माझा चहा पितात, थोडं टोकलं की रुसतात. तिसऱ्या रविवारी वर्ग संपल्यावर मी कप विसळत असेच काहीतरी बडबडत होते, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळी तिचं काकूंशी फोनवर बोलणं झालं होतं. काकू भांडी वाटून टाकत होत्या. मुलगा दोन दिवस येऊन गेला होता, होळीनंतरची तिकिटं काढून गेला होता. काकूंनी त्याला टॅबलेटवर ती झेंडी दाखवायचा प्रयत्न केला. त्यानं स्वतः गाडी चालवली, दिसली नाही. मग काकूंनी चालवली, तो शेजारी घड्याळ बघत उभा, त्या घाईत त्यांच्याकडून गाडी जोरात गेली, तेव्हाही दिसली नाही. मग मुलानं विकी उघडली आणि इतिहासातली माझी ओळ त्यांना वाचून दाखवली.

‘तुह्यावाली ओळ,’ आई म्हणाली. ‘पोरगा म्हणे, व्यवस्थापकानं लिहिलं आहे, आई, आता तरी मान. तिनं मानलं.’

मी आईला नियम सांगायला तोंड उघडलं. गेममध्ये नाही ते लिहायचं नाही, वगैरे. आईनं माझ्या हातातला कप घेतला, कारण तो मी चार वेळा विसळला होता. तेव्हा मला शेंगा सोलणाऱ्या काकू आठवल्या, आणि त्यांच्या तोंडचा शब्द. तोच मी उचलून लिहिला होता. मुद्दाम नाही. पण मुद्दाम नव्हतं हे कोणाला सांगू? उचलली बोटं, लावली पडद्याला. मला माझी इतकी किळस आली की मी ओल्या हातानंच स्कूटीची किल्ली घेतली.

गुढ़ियारीचा रस्ता रविवारीही मोकळा नसतो. पोती उतरवणारे ट्रक आडवे लागलेले, मध्ये हातगाड्या, आणि मी हॉर्नवर अंगठा दाबून बसलेली. एका हमालानं वळून विचारलं, दीदी, आग लगी है क्या? लागलीच होती, पण ती लावली होती मीच.

काकूंचं दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत दोन खोकी, त्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले पितळी डबे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणलं, जणू काही झालंच नव्हतं, आणि ते मला जास्त लागलं. मी उभ्यानंच म्हटलं, काकू, झेंडी दाखवा.

‘नाही वो पोरी. मीच भुलली असीन,’ त्या म्हणाल्या. ‘तू शिकवणारी. तू पाह्यलं ना, नाही तिथं. मंग नाहीच.’

मी म्हटलं, मी पाहिलं नाही. मी दोन मिनिटं दिली. त्यातलं एक पोळी चावण्यात गेलं. काकूंनी मान हलवली, नाहीच. मग मी जे आजवर कोणाजवळ केलं नाही ते केलं, हात जोडले. रडकुंडीलाच आले होते, पण तेवढं वाचलं.

त्यांनी टॅबलेट काढला. तो खोक्यात, चादरींच्या खाली, बांधून ठेवलेला होता. आम्ही दोघी सतरंजीवर भिंतीला टेकून बसलो. गाडी बाजूच्या लाईनीत शिरली आणि उभी राहिली. आता मागची प्रवासी गाडी यायची होती. मी सवयीनं बोट पुढे केलं, टाळायच्या बटणाकडे, तर काकूंनी ते मनगटाला धरून खाली ठेवलं. मग थांबलो. पडद्यावर सालाची झाडं हलत होती, बाकी काही नाही. मागे खऱ्या रुळांवर शंटिंगचे, डब्याला डबा लागण्याचे ठोके पडत होते. माझा पाय हलायला लागला. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘पाय हालवू नको.’ मी पाय दाबून धरला तर हाताची बोटं सुरू झाली. मला लॅबमधलं काम आठवलं, गॅसवरचं दूध आठवलं, बंद केलेला गॅसही आठवला. दहा मिनिटं असतील, फार तर बारा. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दहा मिनिटं.

प्रवासी गाडी धडधडत गेली. सिग्नल हिरवा झाला. काकूंनी वेग दिला तो इतका कमी की मी ओठ चावला. आणि चालवता चालवता, पडद्यावरची नजर न काढता, त्यांनी ते सांगितलं जे तीन महिन्यांत मी विचारलं नव्हतं. ड्रायव्हर पुढे असतो, त्याला वाटतं आपण निघालो, म्हणजे गाडी निघाली. पण गाडी लांब असते. शेवटचा डबा अजून काट्यांवरच असतो, आणि पुढच्यानं घाई केली तर मागचा रुळावरून जातो. म्हणून शेवटचा डबा बाहेर येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. आला की गार्ड झेंडी दाखवतो, की सगळे आले, आता जा. यजमान त्यांना जेवताना हे सांगायचे, वाटीनं ताटात गाडी करून.

त्यांनी दृश्य मागे फिरवलं. डबे एकामागून एक काट्यांवरून वळत होते, लाल धुळीनं माखलेले. शेवटचा वळला. सरळ झाला. आणि त्याच्या दारातून एक हात बाहेर आला. फक्त हात, चेहरा नाही, खाकी बाही, आणि बोटभर हिरवं कापड. तीनदा हललं, आत गेलं.

ज्यांनी गेम केला त्यांच्यापैकी कोणीतरी ती झेंडी तिथे ठेवली होती, थांबणाऱ्यासाठी, आणि आम्ही सगळे हुशार खेळाडू त्या डब्याला दर वेळी फरफटत घेऊन निघून गेलो होतो. काकूंनी गाडी पुढच्या स्टेशनात उभी केली आणि पदरानं पडदा पुसला.

मग मात्र माझी भिंगरी परत सुटली. मी मोबाईल काढला. म्हटलं, आधी ती माझी ओळ लपवते. मला तो अधिकार आहे, दोन बटणं, इतिहासातून शब्द गायब होतो, कोणाला कळणारही नाही. मग व्हिडिओ करते, तुमच्या मुलाला पाठवते, आत्ताच्या आत्ता.

‘नको,’ काकू म्हणाल्या. ‘तू लिहिलं ना, मंग राहू दे ते. खोडू नको. मी खाली लिहीन.’

मी म्हटलं, काकू, ते वाईट आहे, मला बघवत नाही. त्या म्हणाल्या की बघवत नसलं तरी वाचता आलं पाहिजे. डायरी अशीच असते. आणि व्हिडिओही नको. आजकाल पोरं म्हणतात काहीही बनवता येतं. तो येईल, बसेल, आणि स्वतः पाहील.

त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला आणि एका बोटानं पान उघडलं. मी सांगायला वाकले तर म्हणाल्या, येते मले. खरंच येत होतं. मजकूर परत घातला, जपून, फक्त जे दिसतं तेवढंच: हळू निघावं, शेवटचा डबा बाहेर येऊ द्यावा, मागे बघावं. पेटी नाही, जेवण नाही. आधी तपासून पाहिला, मग कारणाची ओळ भरली आणि सेव्ह केलं. कारण त्यांनी हिंदीत नाही, मराठीत लिहिलं. हिंदी विभागात कारण हिंदीतच लिहायचं, हा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मी ते तसंच राहू दिलं.

होळीच्या तीन दिवस आधी मुलगा आला. काकूंनी मलाही बोलावलं आणि आल्या आल्या बजावलं की तोंड उघडायचं नाही. त्यानं टॅबलेट हातात घ्यायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, गाडी मी चालवीन. बाजूच्या लाईनीत वाट बघताना त्यानं दोनदा खिशातला मोबाईल काढून पाहिला. दुसऱ्यांदा काकूंनी गेम बंद केला आणि मार्ग पहिल्यापासून लावला. त्याला आणि मला एकदमच घाम फुटला असावा. या वेळी त्यानं मोबाईल खोक्यावर पालथा ठेवला.

हात आला, झेंडी हलली, आत गेली.

त्याला मराठी कळतं, पण तो हिंदीत बोलतो. ‘बाबा ऐसे ही दिखाते थे?’ त्यानं विचारलं.

‘हव,’ काकू म्हणाल्या.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती ओळ माझीच ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, लिहिली तुम्ही, पण वाचून तर मी दाखवली. काकू चहा ठेवायला उठल्या, आणि आम्ही दोघं दोन खोक्यांच्या मध्ये, शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसून राहिलो. होळी झाल्यावर तो एकटाच परत गेला. एक तिकीट त्यानं रद्द केलं. भांडी ज्यांना वाटली होती त्यांच्याकडून परत मागायची काकूंना लाज वाटली, म्हणून ती मी जाऊन आणली.

काकू आता रविवारी माझ्या टेबलाच्या त्या टोकाला बसतात आणि नव्यांना शिकवतात. बाबूंना खोडायला त्यांनीच शिकवलं, आणि मला न खोडायला शिकवायचा प्रयत्न चालू आहे. माझा पाय अजून हलतो. पण कोणी नवं आलं की बटण दाखवायच्या आधी मी गार्डच्या डब्याच्या पानाचा इतिहास उघडते आणि दोन ओळी वाचायला लावते. वरची माझी, तशीच आहे, लपवलेली नाही. माणसं ती वाचतात, माझ्याकडे बघतात, आणि मला दर वेळी खाली बघावं लागतं. मग ती खालची वाचतात, काकूंची.

‘दिसते. थांबून पाहावे.’